कंपनीनं न पाडलेली भोकं

आमच्या भागात ‘कंपनी’ या शब्दाचा दरारा आहे. मुरबाडला कारखाने आले तेव्हापासून कोणी नोकरीला लागलं की कुठल्या कारखान्यात, हे कोणी विचारत नाही. ‘कंपनीत लागला’ म्हटलं की संपलं. कंपनीची बस, कंपनीचे बूट, कंपनीचा साबण. बाजारातून आणलेली वस्तू जरा चकचकीत दिसली की तीही ‘कंपनीची’. आणि कंपनीच्या वस्तूला आपण हात लावायचा नसतो, कारण ज्यांनी ती बनवली त्यांना सगळं कळतं, असं आमच्याकडे शेंबड्या पोरापासून पोलीस पाटलापर्यंत सगळे मानतात. मीही मानायचे. एका एप्रिलात मानायचं सोडलं.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर सापगाव मागे टाकलं की थोड्या अंतरावर आमचं घर. घरासमोर, रस्त्याला लागून, पत्र्याची एक खोली. आजोबांच्या काळी तिच्यात पेंढा भरायचे. मी शहापूरला जीपने जाऊन-येऊन टायपिंग शिकले, मग कॉम्प्युटर शिकले आणि घरी येऊन त्या खोलीवर हक्क सांगितला. बाबांनी कल्याणच्या एका दुकानातून कॉम्प्युटर आणून दिला. दारावर मी स्वतः रंगाने लिहिलं : मराठी-इंग्रजी टायपिंग करून मिळेल. ‘मिळेल’मधला ‘ळ’ जरा फुगला, पण तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

काम मिळायला वेळ लागला नाही. कंपनीत अर्ज करणाऱ्या पोरांचे बायोडाटा, दाखल्यांचे अर्ज, लग्नपत्रिकांचे मजकूर. किन्हवलीपासून माणसं यायला लागली. पहिला पावसाळा आणि हिवाळा मशीन गुणी पोरासारखं चाललं. मार्च संपला आणि त्याने रंग दाखवले.

पत्र्याच्या खोलीत एप्रिलची दुपार काय असते ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. अकरा वाजता पत्रा कडकड वाजायला लागायचा. बारापर्यंत भिंतीला टेकता यायचं नाही. आणि साधारण त्याच सुमाराला, एखाद्या पत्रिकेत ‘आमच्या येथे श्री कृपेकरून’पर्यंत पोचलेलं असताना, पडदा काळा व्हायचा. चालू करावं तर दहा मिनिटांनी परत तेच. बाहेर बाकावर बसलेली माणसं माझ्याकडे अशी बघायची की जणू मीच त्याला डोळा मारून बंद पाडलं.

सकाळी लवकर काम करायचा सल्ला सगळ्यांनी दिला. पण सकाळी आणि संध्याकाळी भारनियमन. वीज असायची ती नेमकी दुपारी. रस्त्यावरच्या खोलीत मी रात्री दार उघडून बसावं, असं कोणी तोंडावर सुचवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी मशीन पोत्यात गुंडाळून एसटीने कल्याणला नेलं. बाबा सोबत होते. दुकानदाराने मला एकदाही उत्तर दिलं नाही. विचारत मी होते, तो सांगत होता बाबांना. प्रोसेसर तापतो, म्हणून मशीन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं, असं त्याने सांगितलं. उपाय काय म्हणून मी विचारलं, तर बाबांना म्हणाला, खोलीत एसी लावा. मला हसू फुटलं. पेंढ्याच्या खोलीत एसी, आणि तोही अर्धा दिवस वीज नसताना. मग त्याने मशीनच्या मागे चिकटवलेला चांदीच्या रंगाचा कागद बोटाने दाखवला. हा स्टिकर फाटला तर वॉरंटी गेली, आतली कुठलीही वस्तू बदलून मिळणार नाही, हेही त्याने बाबांनाच सांगितलं. बाबांनी मान डोलावली. येताना एसटीत ते एकच वाक्य बोलले, “कंपनीचं हाय, आपण हात नाय लावायचा.”

गंमत अशी की बाबा स्वतः कंपनीत होते. मुरबाडच्या एका कारखान्यात पंधरा वर्षं ते प्रेसवर उभे होते आणि पत्र्याला भोकं पाडणं हेच त्यांचं काम होतं. दिवसभरात किती भोकं पाडली याची मोजदाद तेही ठेवत नसत. पण ती कंपनीने सांगितलेली भोकं. घरी त्यांनी खिळा ठोकतानाही कधी स्वतःचं डोकं चालवलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी घरी आल्या आल्या स्टिकर फाडला नाही, तेवढी हिंमत अजून यायची होती. पण त्याला धक्का न लावता मागचे स्क्रू काढता आले, तेव्हा बाजूचा पत्रा सरकवून मशीन उघडंच ठेवलं आणि समोर टेबलफॅन लावला. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी भाताच्या गिरणीची शेजारीण आहे. आमच्या खोलीला लागूनच गिरणी होती. ती चालली की कोंड्याचा धुरळा उठायचा आणि पंखा तो थेट मशीनच्या पोटात भरायचा. चौथ्या दिवशी आतल्या हिरव्या सर्किटच्या पट्टीवर एक पाल आरामात पसरलेली दिसली. तिला बहुधा वॉरंटीचं काही माहीत नव्हतं. मी पत्रा परत लावला. म्हणजे उघडं ठेवलं तर कोंडा, बंद ठेवलं तर ताप.

हे सगळं काका बघत होते. माझे थोरले काका, घरातले कर्ते. खोली आजोबांची, म्हणजे दोघा भावांची. काकांनी एके दुपारी दारात उभं राहून, बंद पडद्याकडे बघत, शहापूरचा सिमेंटवाला गोदामाला जागा शोधतोय असं सांगितलं. पावसाच्या आधी त्याला जागा हवी होती. ते रागावले नव्हते, आवाज चढवला नव्हता. नुसतं म्हणाले, “दुपारभर बंदच असतंय तर खोली कशाला अडवायची गो? तू शहापुरात कुणाच्या तरी दुकानात बस. तिथं मशीनपण त्यांची नि डोकेदुखीपण त्यांची.”

खरं सांगते, मला तेव्हा जो राग आला तो आजही आठवला तरी कानशिलं तापतात. दुसऱ्याच्या दुकानात बसायला माझी ना नव्हती, पुष्कळ मुली बसत होत्या. पण त्या दारावर मी माझ्या हाताने अक्षरं काढली होती. घराच्या उंबऱ्याबाहेर, रस्त्याकडे तोंड असलेली, माझी म्हणावी अशी ती एकच जागा होती. ती सिमेंटच्या गोणींना द्यायची आणि तीही एका डब्याला ऊन सोसत नाही म्हणून? रात्री काकांनी घरात तेच परत सांगितलं, आई चुलीशी बसून ऐकत होती. बाबा पायाकडे बघत राहिले. त्यांचा मोठा भाऊ बोलला की ते नेहमी तसेच बघत.

दुसऱ्या दिवशी मी कल्याणला गेले आणि दुसऱ्याच एका दुकानातून कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे आणले, तळहाताएवढे, चौकोनी. त्या दुकानातल्या माणसाने कुठली वायर कुठे लावायची ते कागदावर काढून दिलं. पण पंखे बसवायचे कुठे, हे विचारल्यावर तोही गडबडला. तुमच्या मशीनला तशी जागाच नाही, कंपनीने दिली नाही, असं म्हणाला. मी म्हटलं, नसू दे.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. बाबा पहिल्या पाळीला गेले होते. मी दार लोटलं, मशीनच्या बाजूचा पत्रा काढला, खाली गोणपाट टाकलं, पंखा पत्र्यावर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारली. मग चार इंची खिळा घेतला आणि नारळ फोडायच्या दगडाने ठोकायला सुरुवात केली. खिळा घुसायचा, पण त्याच्याभोवती पत्रा खड्ड्यासारखा आत जायचा. अशी सात-आठ भोकं झाली तोवर पत्रा पार पोचे पडून वाकडातिकडा झाला. दोन भोकांमधला भाग मी आईच्या विळीच्या पात्याने कापायला गेले, तर पात्याचं टोक मोडलं. बोट कापलं ते वेगळंच. तरी मी थांबले नाही. आता माघार घेतली असती तर पोचे पडलेला पत्रा आणि गेलेली खोली, दोन्ही माझ्याच पदरी पडलं असतं.

बाबा चारच्या सुमाराला आले. दार ढकललं, बघितलं, आणि तिथेच थांबले. मी तयार होते. कंपनीचं हाय, हे ऐकायला मी तयार होते आणि त्यावर काय बोलायचं तेही मनात ठरवलं होतं. त्यांनी पत्रा उचलला, उजेडात धरला, कडेवरून अंगठा फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज होती. कोणी त्यांच्यासमोर वेडावाकडा भात लावला असता तर जशी वाटली असती तशी.

“असं भोक पाडतात?” ते म्हणाले.

मग ते घरात गेले आणि कपाटाखालून एक कापडी पिशवी घेऊन आले. तिच्यात काय काय होतं ते मी पहिल्यांदा बघितलं. लोखंडी कंपास, टोकदार पंच, हातड्रिल, बारीक छिन्नी, दोन कानशी. पंधरा वर्षं प्रेसवर उभं राहून कंपनीने त्यांच्याकडून एकच काम करून घेतलं होतं, पण त्यांना येत होती बरीच. त्याआधी वाशिंदला एका फिटरकडे ते दोन वर्षं होते, हे मला त्या दिवशी कळलं.

आधी त्यांनी मला आतला सगळा संसार बाहेर काढायला लावला, कारण पत्र्याचा एक कण जरी आतल्या पट्टीवर पडला तर सगळं जळेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मागचा चांदीचा कागद आता आड येत होता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तोंड फिरवलं. मी तो नखाने उचकटला आणि चुरगळून खाली टाकला. मग त्यांनी माझे पोचे लाकडी ठोकळ्यावर ठेवून हळूहळू सपाट केले, पंखा ठेवून मधोमध खूण केली, कंपासने गोल मारला. त्या गोलाच्या आतल्या बाजूने, एकमेकांना खेटून, पंचने ठिपके मारले. ठिपका मारल्याशिवाय ड्रिल घसरतं, तेवढंच एक ते शिकवल्यासारखं बोलले. मग मी पत्रा दाबून धरायचा आणि त्यांनी हातड्रिल फिरवायचं. भोकाला भोक लागत गेलं. शेवटी छिन्नीने मधले तुकडे तोडले आणि पत्र्याची भाकरी खाली पडली. कडा कानशीने घासून त्यांनी मला बोट फिरवायला सांगितलं. कापलेलं बोटसुद्धा फिरवता आलं. दुसरं भोक मशीनच्या डोक्यावर. ते मी पाडलं, पत्रा त्यांनी धरला. कोंड्यासाठी दोन्हींवर आतून फाटक्या मच्छरदाणीचे तुकडे बांधले.

दोन्ही पंखे आम्ही आत वारा घेतील असे लावले. कुणाला उकडलं तर पंखा त्याच्याकडे वळवतात, हे आमचं शास्त्र. जितका वारा आत, तितका गारवा. बाबांनाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मशीन बंद पडलं. साडेबाराला परत. पत्रा काढून बघते तर मच्छरदाणीवर कोंड्याचा थर आणि आत हात घालवेना इतकी धग. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. एवढं करून, स्टिकर फाडून, बाबांना कंपनीच्या विरोधात उभं करून, पदरात काय पडलं, तर दोन भोकं. बाबा कामावर होते. आई भांडी घासता घासता उठून आली, हात ओलेच. तिने कधी त्या मशीनला स्पर्श केला नव्हता. तिने पहिल्या भोकाशी तळहात धरला, मग डोक्यावरच्या भोकाशी.

“दोन्हीकडनं आतच येतोय,” ती म्हणाली. “मग जातोय कुठं?”

ती तिथेच, माझ्यावर जरा वैतागूनच बोलली. “खळ्यावर दोन अंगांनी वारा सुटला तर काय होतं गो? भात नि फोल एकच होतं ना? मग आपण सूप खाली ठेवून बसतो. एका अंगानं येऊ दे, दुसऱ्या अंगानं जाऊ दे. आणि गिरणीकडं पाठ कर त्याची. कोंड्याकडं तोंड करून कुणी वारा देतं का?”

लहानपणापासून मी तिला खळ्यावर बघत आले होते. सूप डोक्यावर धरून ती उभी राहायची, आधी चिमूटभर फोल सोडून वारा कुठून कुठे जातोय ते बघायची आणि मगच भात ओतायची. वारा कुठे अडतो, कुठे निघतो, हे तिच्याइतकं आमच्या घरात कोणाला कळत नव्हतं, आणि मी तिला विचारलं नव्हतं. मशीन म्हणजे बाबांचं आणि माझं खातं, असं मी धरून चालले होते. दुकानदाराने माझ्याशी जसं केलं तसंच मी तिच्याशी केलं होतं, हे कळायला मात्र मला बरीच वर्षं लागली.

डोक्यावरचा पंखा उलटा करायला चार स्क्रू लागले. टेबल फिरवून मशीनची पाठ गिरणीकडे केली आणि पंखा बसवलेली बाजू खोलीमागच्या आंब्याकडच्या खिडकीला, जिथे निदान सावलीतला वारा होता. मच्छरदाणी धुऊन परत बांधली. आईने वरच्या भोकावर हात धरला. गरम वारा तिच्या ओल्या तळहाताला लागला आणि ती परत भांड्यांकडे गेली. त्या दुपारी मशीन चाललं. दुसऱ्या दुपारीही चाललं. पंख्यांची घरघर एवढी होती की माणसांशी मोठ्याने बोलावं लागायचं, पण ती घरघर थांबू नये म्हणून मी मनातल्या मनात देवाला नवस बोलून ठेवले होते.

आठवडाभर बाहेरगावी असलेले काका परतताना सिमेंटवाल्याला घेऊनच आले. मुद्दाम दुपारी दोनला, म्हणजे बंद खोली दाखवता येईल. खोलीत सहा माणसं होती आणि मी एका मुलाचा बायोडाटा टाइप करत होते. काका दारात थबकले. सिमेंटवाला आत आला, भिंती बघितल्या, पत्रा बघितला, मग बाकावर बसला आणि पडद्याकडे बघत राहिला. बाबा त्या दिवशी सुट्टीवर होते, ते कोपऱ्यात उभे. आम्ही दोघं वाट बघत होतो. मशीनही बहुतेक बघत होतं. अडीच वाजले, तीन वाजले. पत्रा कडकडत होता. सव्वातीनला सिमेंटवाल्याने खिशातून एक कागद काढला आणि त्याच्या दुकानाचं लेटरहेड मराठीत करून मिळेल का असं विचारलं. त्याने हे मला विचारलं, बाबांना नाही. मी म्हटलं, रांगेत बसावं लागेल.

काका तेवढ्यात मशीनच्या मागच्या बाजूला गेले होते. त्यांना ती भोकं दिसली. त्यांनी बाबांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की कंपनीच्या मशीनला भोकं कोणी पाडली.

बाबांनी पायाकडे बघितलं नाही. “आमी पाडली,” ते म्हणाले. “कंपनीत रोजच पाडतो. घरासाठी एकदा पाडली.”

एवढंच. काका सिमेंटवाल्याला तिथेच सोडून घरी गेले. पुढे कोणी खोलीचा विषय काढला नाही. सिमेंटच्या गोणी कुठेतरी गेल्या असतील. कल्याणच्या दुकानदाराने पुढच्या वर्षी ते मशीन दुरुस्तीला घेतलं नाही, भोकं पाडलेल्या मालाला तो हात लावत नाही म्हणाला. मी ते बगलेत मारून परत आणलं आणि त्याच्या दुकानाची पायरी परत चढले नाही.

चार वर्षांनी मी नवीन मशीन घेतलं. ते पोचवायला आलेल्या माणसाने मागचा चांदीचा कागद दाखवला आणि या खेपेला मला सांगितलं, कारण दुकान आता उघडपणे माझं होतं. उघडायचं नाही, ताई, कंपनीचं आहे. बाबांची कंपनी तोवर बंद पडली होती. ते दिवसभर खोलीतच बाकावर बसत. आई निवडायला घेतलेलं सूप मांडीवर घेऊन दारात होती. तो माणूस गेला तशी ती उठली, मशीनच्या चारी अंगांना तळहात लावून बघितला आणि मान हलवली.

“याला जायाला वाट नाय,” ती म्हणाली.

बाबा उठून पिशवी आणायला गेले. ते परत येईपर्यंत मी स्टिकर फाडून ठेवला होता.